खबीबचे २९ विजय आणि आईला दिलेला शब्द

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. सकाळच्या परिपाठाला मुलं रांगेत उभी होती आणि नववीतला एक मुलगा उभ्या उभ्या खाली कोसळला. आम्ही धावलो, सावलीत नेलं, पाय वर उचलून धरले. ओठ सुकलेले, डोळे आत गेलेले. पाणी पाजायला गेलो तर तोंड फिरवतो. "रोजा आहे का रे?" असं विचारलं तर मान हलवून हो म्हणाला. दवाखान्यात सलाईन लागल्यावर खरं काय ते बाहेर आलं. दुसऱ्या दिवशी तालुक्याला कसलीशी मार्शल आर्टची स्पर्धा होती. वजनाचा खालचा गट मिळावा म्हणून पोराने आदल्या दुपारपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता आणि रात्री रेनकोट घालून गच्चीवर धावत होता. घरी सांगून ठेवलं होतं की नफिल रोजे चालू आहेत. आम्ही रागावलो तेव्हा हळूच म्हणाला, "सर, खबीब भी तो ऐसाच करता था."

खबीब नुरमागोमेदोव हे नाव आपल्या घरांतल्या मुलांना आता सांगावं लागत नाही. मोबाईलच्या स्क्रीनवर त्याचा फोटो असतो, डोक्यावर ती मेंढीच्या लोकरीची झुबकेदार टोपी असते. २९ लढती, २९ विजय, एकही हार नाही, हे आमच्या वर्गात पाढ्यांपेक्षा चांगलं पाठ आहे. पण पोरांचा खबीब अर्ध्या मिनिटाच्या रीलमधला आहे. त्यात तो कुणाला तरी खाली दाबून मारत असतो, मागे नशीद वाजत असते आणि व्हिडिओ संपतो. हा माणूस कुठून आला, त्याला कुणी घडवलं, त्याच्या शरीराचं काय झालं आणि शिखरावर असताना त्याने खेळ का सोडला, हे त्या रीलमध्ये मावत नाही. त्या मुलाच्या अब्बांनी आम्हाला विचारलं, "सर, हा खेळ नक्की आहे तरी काय?" त्यांना जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहीत आहोत.

मिक्स्ड मार्शल आर्ट्स म्हणजे एमएमए. बॉक्सिंगचे ठोसे, किकबॉक्सिंगच्या लाथा, कुस्तीची पकड, ज्यूदोची फेक आणि जुजुत्सूचे गळा किंवा सांधा आवळायचे डाव, हे सगळं एकाच लढतीत चालतं. जाळीच्या आठ कोनी पिंजऱ्यात दोघं उतरतात. पाच पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या, अजिंक्यपदाची लढत असेल तर पाच. समोरचा बेशुद्ध झाला, पंचाने थांबवलं किंवा त्याने हाताने थोपटून "बस्स" अशी खूण केली की लढत संपली. नाहीतर शेवटी तीन परीक्षक गुण देतात. लाल मातीतल्या कुस्तीत पाठ टेकली की निकाल लागतो. इथे पाठ टेकल्यावर खरी लढत सुरू होते. या खेळातली सर्वांत मोठी कंपनी म्हणजे अमेरिकेतली यूएफसी. तिचा पहिला कार्यक्रम नोव्हेंबर १९९३ मध्ये डेन्व्हर शहरात झाला. तेव्हा नियम नावालाच होते. पुढे टीका झाली, बंदीची मागणी झाली, मग डोक्याच्या मागच्या बाजूला मारणं अशा गोष्टी बंद झाल्या, वजनाचे गट ठरले. तरीही खेळ रक्ताचाच राहिला, हे लपवण्यात अर्थ नाही.

आता दागिस्तान. कॉकेशस पर्वत आणि कॅस्पियन समुद्र यांच्यामधला हा रशियाचा डोंगराळ प्रांत. लोकसंख्या साधारण तीस लाख, पण भाषा तीसच्या वर. दर खोऱ्याची बोली वेगळी. बहुसंख्य लोक मुसलमान. एकोणिसाव्या शतकात रशियन झारच्या फौजांशी वर्षानुवर्षं लढणारे इमाम शामील इथलेच, अवार जमातीचे. १८५९ मध्ये ते शरण आले, पुढे हजला गेले आणि मदिनेत त्यांचा इंतकाल झाला. खबीबही अवारच. त्याचं आडनाव ऐकायला परकं वाटतं, पण उर्दू जाणणाऱ्याला ते लगेच उलगडेल. "मागोमेद" हा त्या भागातला "मुहम्मद"चा उच्चार. नुरमागोमेदोव म्हणजे नूर मुहम्मदच्या घराण्यातला. रशियन लिपीत "ह" नाही म्हणून हबीबचा खबीब झाला. अरबी वर्तमानपत्रं त्याला सरळ हबीबच लिहितात. वडिलांचं नाव अब्दुलमनाप, म्हणजे आपल्याकडचे अब्दुल मनाफ.

खबीबचा जन्म २० सप्टेंबर १९८८ चा, सिल्दी नावाच्या डोंगरातल्या गावात. वडील अब्दुलमनाप लष्करात होते, स्वतः कुस्ती, ज्यूदो आणि साम्बो खेळलेले. साम्बो म्हणजे सोव्हिएत काळात सैनिकांसाठी तयार झालेली निःशस्त्र लढाईची पद्धत. या गृहस्थांनी राहत्या दुमजली इमारतीचा तळमजला मोकळा करून तिथे तालीम काढली. वर संसार, खाली मॅट. गावातली पोरं येत, त्यांच्यातच हा मुलगा. आठव्या वर्षी कुस्ती सुरू झाली. पुढे कुटुंब राजधानी मखाचकलाला आलं, पंधराव्या वर्षी ज्यूदो, सतराव्या वर्षी साम्बो. उन्हाळ्यात सगळ्यांना घेऊन अब्दुलमनाप परत डोंगरात जात. चढावर धावणं, थंड नदीत पोहणं, पाच वेळची नमाज, वेळेवर झोप. आपल्याकडे तालमीच्या गुरूला वस्ताद म्हणतात, आपण घरी उस्ताद म्हणतो. शब्द एकच. अब्दुलमनाप त्या अर्थाने पूर्ण वस्ताद होते.

तो काळही लक्षात घ्यायला हवा. शेजारच्या चेचन्यातलं युद्ध, मग दागिस्तानातच सशस्त्र गट आणि सुरक्षा दलं यांच्या चकमकी. तरुण पोरगा घरातून निघून डोंगरात बंदूकवाल्यांकडे गेला, अशा बातम्या रोजच्या. त्या दिवसांत मुलांना संध्याकाळी मॅटवर गुंतवून ठेवणारा माणूस नुसता प्रशिक्षक राहत नाही. आणि ही काही एकट्या घराची गोष्ट नाही. दागिस्तानात कुस्तीचं वेड घराघरात आहे. टोकियो ऑलिम्पिकमध्ये आपल्या रवी दहियाला ५७ किलोच्या अंतिम फेरीत हरवणारा झावूर उगुएव हा दागिस्तानचाच. खबीब आकाशातून पडला नाही, अशा मातीतून आला.

एक गोष्ट मात्र आम्हाला खटकते आणि ती सांगायलाच हवी. नऊ वर्षांचा खबीब साखळीने बांधलेल्या अस्वलाच्या पिल्लाशी झोंबतो आहे, असा एक जुना व्हिडिओ जगभर फिरतो. पोरं तो कौतुकाने दाखवतात. आम्हाला त्यात बांधलेलं मुकं जनावर आधी दिसतं. अब्दुलमनाप यांच्याबद्दल आदर ठेवूनही हे चुकलंच, असं आम्ही वर्गात सांगितलं. काही मुलं नाराज झाली. होऊ देत.

व्यावसायिक लढती २००८ मध्ये सुरू झाल्या. रशिया आणि युक्रेनमध्ये ओळीने १६ विजय, मध्ये कॉम्बॅट साम्बोचं जागतिक अजिंक्यपद दोनदा. जानेवारी २०१२ मध्ये यूएफसीत पहिली लढत, तीही जिंकली. अमेरिकेत तो कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथे हाविएर मेंडेज या प्रशिक्षकाकडे सराव करू लागला, पण आराखडा घरचाच असे. यूएफसीतले १३ विजय धरून २९ चा आकडा पूर्ण होतो.

त्याची पद्धत दिसायला साधी होती. सुंदर लाथा नाहीत, उड्या नाहीत. समोरच्याला ढकलत जाळीपर्यंत न्यायचं, कंबरेला किंवा पायाला मिठी घालून खाली आणायचं आणि मग आपल्या दोन्ही पायांच्या कैचीत त्याचे पाय अडकवायचे. पाय बांधले गेले की माणूस उठू शकत नाही. मग त्याचं एक मनगट आपल्या पंजात धरायचं. उरलेल्या एका हाताने तो डोकं झाकणार की जमिनीला टेकू देणार? टेकू दिला तर मार बसतो, झाकलं तर उठता येत नाही. हे पाच मिनिटं, दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. अंगावर ७०-८० किलोचं ओझं घेऊन. मे २०१३ मध्ये एबेल ट्रुहियोविरुद्ध त्याने तीन फेऱ्यांत २१ वेळा प्रतिस्पर्ध्याला खाली आणलं, हा यूएफसीतला विक्रम ठरला. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कला मायकेल जॉन्सनला मारता मारता तो त्याला समजावत होता की बाबा सोडून दे, विजेतेपदासाठी मलाच लढायचंय. कुणाला हे क्रूर वाटेल, कुणाला गंमत. आम्हाला त्यात वर्षानुवर्षं एकच धडा घोटलेला विद्यार्थी दिसतो.

पण २९-० हा आकडा जितका सरळ दिसतो तितका प्रवास सरळ नव्हता. २०१४ च्या एप्रिलमध्ये राफाएल दोस आन्योसला हरवल्यावर गुडघा गेला. शस्त्रक्रिया झाली. परत उभा राहतो तोच पुन्हा दुखापत, मग बरगडी. पूर्ण दोन वर्षं, एप्रिल २०१६ पर्यंत, एकही लढत नाही. पंचविशी-सत्ताविशीतली वर्षं खेळाडूची सर्वांत भरातली, ती दवाखान्यात आणि घरी बसून गेली. खेळ सोडण्याचा विचारही त्या काळात आला होता, असं त्याने सांगितलं आहे. टोनी फर्ग्युसनबरोबरची त्याची लढत तर पाच वेळा ठरली आणि पाचही वेळा मोडली. कधी याची बरगडी, कधी त्याचं फुफ्फुस, कधी त्याचा गुडघा, शेवटी २०२० मध्ये कोरोना. या पाचांतली एक लढत, मार्च २०१७ ची, आमच्या त्या नववीतल्या मुलासाठी महत्त्वाची आहे.

खबीब लाइटवेट गटात खेळायचा. मर्यादा १५५ पौंड, म्हणजे सुमारे ७०.३ किलो. लढती नसताना त्याचं वजन याहून बरंच जास्त असे. या खेळात वजन लढतीच्या आदल्या दिवशी होतं. म्हणून खेळाडू शेवटच्या काही दिवसांत शरीरातलं पाणी काढून टाकतात. मीठ बंद, पाणी बंद, गरम पाण्याच्या टबात बसणं, वाफेच्या खोलीत घाम काढणं. काट्यावर उभं राहून झालं की लगेच पाणी पिऊन, खाऊन पुढच्या चोवीस तासांत वजन परत चढवायचं, म्हणजे पिंजऱ्यात समोरच्यापेक्षा भारी होऊन उतरता येतं. ही चरबी घटवणं नव्हे, हे पाणी पिळून काढणं आहे. रक्त घट्ट होतं, मूत्रपिंडावर ताण येतो, हृदयाची लय बिघडू शकते. त्या मार्चमध्ये लास वेगासला वजनाच्या सकाळीच खबीबची तब्येत इतकी बिघडली की त्याला रुग्णालयात न्यावं लागलं. लढत रद्द झाली. अंतरिम विजेतेपद हातचं गेलं. त्याच्याभोवती प्रशिक्षक होते, डॉक्टर होते, पंधरा-वीस वर्षांचा अनुभव होता, तरी हे झालं. त्याआधी ट्रुहियोविरुद्धच्या लढतीलाही त्याला वजन मर्यादेत आणता आलं नव्हतं.

यापेक्षा वाईटही घडलंय. डिसेंबर २०१५ मध्ये मनिला इथल्या लढतीपूर्वी यांग जियान बिंग हा चीनचा एकवीस वर्षांचा तरुण वजन घटवताना मेला. त्यानंतर त्या स्पर्धेच्या आयोजकांनी, म्हणजे वन चॅम्पियनशिपने, पाणी तोडून वजन कमी करण्यावर बंदी घातली आणि खेळाडूच्या शरीरात पुरेसं पाणी आहे की नाही याची तपासणी सुरू केली. आणि विनेश फोगाट आपल्या सगळ्यांना आठवते. ऑगस्ट २०२४, पॅरिस, अंतिम फेरीची सकाळ, ५० किलोच्या वर १०० ग्रॅम. रात्रभर जागून, घाम काढून, केस कापूनही ते १०० ग्रॅम गेले नाहीत आणि तिला दवाखान्यात पाणी चढवावं लागलं. ती जगातल्या पहिल्या काही कुस्तीगिरांपैकी. आपल्या मुलाचं वय चौदा. हाडं वाढताहेत, मेंदू वाढतोय. ज्या मुलाला सहरी करून रोजा धरला तरी दुपारी आपण सावलीत बसवतो, त्याने सहरीशिवाय, इफ्तारशिवाय, रेनकोट घालून धावायचं? रोजा हा इबादत आहे, त्यात मगरिबला पाणी आहे, आजाऱ्याला सवलत आहे. त्याच्या नावाखाली हे चालत असेल तर घरच्यांना ओळखता आलं पाहिजे. जीभ कोरडी, लघवी गडद किंवा फारच कमी, चक्कर, चिडचिड, आणि इफ्तारला मुलगा ताटावर बसायचं टाळतोय, ही लक्षणं दिसली तर विचारा.

खबीब स्वतः रमजानमध्ये लढत घेत नसे. पैसा कितीही असो, तो महिना खेळाचा नाही, हे त्याने कंपनीला सरळ सांगितलेलं. ही गोष्ट रीलमध्ये कमी दिसते.

एप्रिल २०१८ मध्ये ब्रुकलिनला अल आयाक्विंटाला हरवून तो विजेता झाला. त्या आठवड्यातच पुढच्या वादाची ठिणगी पडली होती. खबीबने आयर्लंडच्या कॉनर मॅकग्रेगरच्या एका साथीदाराला हॉटेलात अडवून दम दिला, दोन दिवसांनी मॅकग्रेगर आपली टोळी घेऊन आला आणि खबीब बसलेल्या बसवर लोखंडी ट्रॉली फेकली. काचा फुटून बसमधले दुसरेच दोन खेळाडू जखमी झाले. मग सहा महिने मॅकग्रेगर जिभेने लढला. वडिलांबद्दल, देशाबद्दल, दीनबद्दल बोलला. पत्रकार परिषदेत आपल्या कंपनीची व्हिस्की पुढे केली, खबीबने ती घेतली नाही. ६ ऑक्टोबर २०१८ ला लास वेगासमध्ये चौथ्या फेरीत खबीबने त्याचा जबडा-मान अशी आवळली की त्याने हाताने थोपटून हार मानली. पैसे भरून घरबसल्या पाहणाऱ्यांची नोंद सुमारे २४ लाख, यूएफसीत तोवर कधी झाली नव्हती इतकी.

इथवर रील असते. पुढे काय झालं? पंचाने लढत थांबवली आणि खबीब जाळी ओलांडून उडी मारून पिंजऱ्याबाहेर असलेल्या मॅकग्रेगरच्या साथीदारावर धावून गेला. इकडे त्याच्या बाजूची माणसं पिंजऱ्यात शिरून मॅकग्रेगरला मारू लागली. विजेतेपदाचा पट्टा त्याच्या कमरेला तिथे बांधलाच गेला नाही. नेवाडा राज्याच्या आयोगाने त्याला नऊ महिन्यांची बंदी आणि ५ लाख डॉलरचा दंड केला, मॅकग्रेगरला सहा महिने आणि ५० हजार डॉलर.

आमच्या समाजात त्या उडीचं फार कौतुक झालं. दीनचा अपमान केला, बदला घेतला, वगैरे. आम्ही ते मानत नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या शिकवणीचा आशय आपण लहानपणापासून ऐकतो की कुस्तीत दुसऱ्याला लोळवणाऱ्यापेक्षा रागाच्या वेळी स्वतःला आवरणारा खरा बलवान. मॅटवर त्याने मॅकग्रेगरला जिंकलं, पुढच्या मिनिटाला रागाने त्याला जिंकलं. त्याला स्वतःलाही हे कळलं असावं. त्याच रात्री पत्रकारांसमोर येऊन त्याने आयोगाची आणि शहराची माफी मागितली आणि घरी गेल्यावर वडील मला सोडणार नाहीत, असंही म्हणाला. वडील सोडणार नव्हतेच. यूएफसीपेक्षा माझी शिक्षा कडक असेल, असं ते बोलले होते. गंमत बघा, काही दिवसांनी रशियाच्या अध्यक्षांनी बाप-लेकांना भेटायला बोलावलं तेव्हा पुतिन यांनाही अब्दुलमनाप यांच्याकडे शब्द टाकावा लागला की मुलाला जास्त शिक्षा करू नका. तीस वर्षांचा जगज्जेता, आणि सगळ्या जगाला ठाऊक की याला बापाची भीती आहे. आम्हाला खबीबच्या सगळ्या कहाणीत हा भाग फार आवडतो.

मग पालक विचारतात, हा खेळ जायज तरी आहे का? आम्ही मुफ्ती नाही, शिक्षक आहोत. एवढं सांगू शकतो की प्रेषितांनी (स.) रुकाना नावाच्या पहिलवानाशी कुस्ती केल्याची रिवायत आहे, आणि कुस्ती, पोहणं, घोडेस्वारी यांना आपल्याकडे मान आहे. पण चेहऱ्यावर मारू नये अशी स्पष्ट हदीसही आहे, आणि म्हणून कित्येक उलेमा चेहऱ्यावर ठोसे असलेल्या खेळाला परवानगी देत नाहीत. कुस्ती, ज्यूदो शिकवणं आणि मुलाला पिंजऱ्यात उतरवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या जवळच्या आलिमांना विचारा, आणि मुलाला विचारायला बरोबर घेऊन जा.

अमेरिकेचा व्हिसा मिळत नसल्याने अब्दुलमनाप मुलाच्या तिथल्या लढतींना हजर राहू शकत नसत. म्हणून सप्टेंबर २०१९ ची अबू धाबीची लढत वेगळी. यावेळी वडील कोपऱ्यात उभे होते. खबीबने डस्टिन पॉयरियेला तिसऱ्या फेरीत मागून गळा आवळून हरवलं. लढत संपल्यावर दोघांनी एकमेकांचे टीशर्ट बदलले. पॉयरिये आपल्या गावाकडच्या गरजूंसाठी एक संस्था चालवतो. खबीबने त्याचा तो टीशर्ट लिलावात काढला, १ लाख डॉलर आले, ते त्या संस्थेला दिले. मॅकग्रेगरनंतरच्या वर्षातला हा खबीब. वडिलांची शिक्षा नक्की काय होती ते त्यांनाच ठाऊक.

२०२० च्या वसंतात अब्दुलमनाप आजारी पडले. कोरोना, त्यात हृदयाचा जुना त्रास. मॉस्कोच्या रुग्णालयात आठवडेच्या आठवडे. ३ जुलै २०२० ला त्यांचा इंतकाल झाला, वय ५७. इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन. त्यांना सिल्दी गावात, डोंगरातच दफन केलं. ते वर्ष आपल्याही घरांनी पाहिलंय, कुणाचे वालिद, कुणाची बहीण. जनाजाला चार माणसं मिळाली नाहीत अशी मोहल्ल्यात किती घरं. म्हणून पुढचा भाग वाचताना आपल्याला परकं काही वाटत नाही.

२४ ऑक्टोबर २०२०, पुन्हा अबू धाबी, प्रेक्षक नाहीत. समोर जस्टिन गेथजी, जोरकस ठोसे आणि पोटऱ्यांवर बसणाऱ्या लाथांसाठी प्रसिद्ध. तीन आठवड्यांपूर्वी खबीबच्या पायाचं हाड मोडलं होतं, हे यूएफसीच्या प्रमुखांनी नंतर सांगितलं. दुसऱ्या फेरीत त्याने गेथजीला खाली आणलं आणि पायांच्या त्रिकोणात मान अडकवली. गेथजीने थोपटलं, पंचाला ते लगेच दिसलं नाही, गेथजी क्षणभर बेशुद्ध झाला. खबीबचा जुना साथीदार डॅनियल कॉर्मियर याने या डावामागची गोष्ट नंतर सांगितली. खबीबला हात मोडायचा डावही लावता आला असता. पण गेथजीचे आईवडील बघत आहेत, तो त्यांच्यासमोर थोपटणार नाही आणि हात मोडून घेईल, हे खबीबला माहीत होतं. आईबापांसमोर मुलाचा हात मोडायचा नाही म्हणून त्याने गळ्याचा डाव निवडला.

पंचाने सोडवल्यावर तो पिंजऱ्याच्या मध्ये गुडघ्यांवर बसला आणि ओक्साबोक्शी रडला. गेथजी शुद्धीवर आला तो त्याच्याजवळ जाऊन बोलत होता. मग खबीबने हातमोजे काढून जमिनीवर ठेवले. वडिलांशिवाय पहिल्यांदाच लढायला उतरतोय म्हणून आईशी तीन दिवस बोलणं चाललं होतं, तिची इच्छा नव्हती, ही शेवटची लढत असं तिला वचन दिलंय, आणि दिलेला शब्द पाळावा लागतो, अशा अर्थाचं तो बोलला. वय ३२. वडिलांचीच इच्छा ३०-० ची होती, असं म्हणतात, आणि एक लढत खेळला असता तर किती मोठी रक्कम मिळाली असती याचा हिशोब लोक अजून करतात. कंपनीचे प्रमुख डेना व्हाइट पुढचे काही महिने मनधरणी करत राहिले. मार्च २०२१ मध्ये त्यांनी हात टेकले.

नंतर खबीबने वडिलांची जागा घेतली, म्हणजे मॅटच्या कडेची. वडिलांच्याच तालमीत वाढलेला इस्लाम माखाचेव ऑक्टोबर २०२२ मध्ये अबू धाबीत चार्ल्स ऑलिव्हेराला हरवून त्याच लाइटवेट गटाचा विजेता झाला. खबीबनंतर इस्लामच, हे अब्दुलमनाप यांनी बऱ्याच आधी ठरवून ठेवलं होतं, असं तेव्हा पिंजऱ्यात उभं राहून खबीबने सांगितलं. यूएफसीच्या हॉल ऑफ फेममध्येही त्याला त्याच वर्षी घेतलं. २०२३ च्या सुरुवातीला, प्रशिक्षणाचं काम भरात असताना, घरच्यांना वेळ द्यायचा म्हणून तोही व्याप त्याने बाजूला ठेवला. पुढे एखाद्या मोठ्या लढतीला तो कोपऱ्यात परत दिसला, ते वेगळं.

आमच्या त्या मुलाला हे सगळं एका बैठकीत सांगितलं नाही. तासाला पाच मिनिटं उरली की थोडं थोडं. मार्च २०१७ चं दवाखान्याचं प्रकरण त्याला माहीतच नव्हतं. तो बराच वेळ गप्प बसला आणि मग विचारलं, "खबीब को भी सलाईन लगा था क्या?" लावलं असेल बाबा, म्हणालो. पुढच्या स्पर्धेला त्याच्या अब्बांनी स्वतः जाऊन वरच्या वजन गटात नाव दिलं. पहिल्याच फेरीत हरला. घरी येऊन दोन ताटं बिर्याणी खाल्ली, असं त्याच्या अम्मीने आम्हाला फोनवर सांगितलं.